पल्लवी कधी खेळणार?

कॉलेजच्या जिमखान्यात सत्तावीस वर्षं काढली की माणसाजवळ दोन गोष्टींचा ढीग होतो. एक, जोडीदार हरवलेले मोजे. दुसरे, किस्से. मोजे दर दिवाळीच्या सुट्टीत शिपाई फेकून देतो. किस्से फेकता येत नाहीत. टपरीवर कोणी नुसतं "गावंडे सर, यंदा टीम कशी हाय?" म्हटलं, की एक सांगता सांगता दुसरा बाहेर येतो अन् पहिला अर्धाच राहतो!

म्हणून आज ठरवून एकाच विषयाचे सांगतो. मी अमरावतीच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक आहे, फुटबॉल शिकवतो. फुटबॉलमध्ये सगळ्यात अवघड काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी पेनल्टी म्हणणार नाही. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला परत मैदानात कधी सोडायचं, हे ठरवणं सगळ्यात अवघड. यातलं मला जे काही कळतं ते लोकांनी शिकवलं. काहींनी तर चांगला अपमान करून शिकवलं. त्यांचे उपकार मानायचे राहून गेले आहेत.

*

पहिला किस्सा मी कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगायचो.

तेव्हा आमच्या मुलांच्या टीममध्ये फिरोज नावाचा अकोल्याचा पोरगा होता. लेफ्ट विंगला खेळायचा, पळायला लागला की कोणाच्या हाती लागायचा नाही. एका मॅचमध्ये समोरच्याच्या गुडघ्यावर त्याचं डोकं आदळलं. मी धावत गेलो, तोंडावर पाणी मारलं, दोन बोटं दाखवली.

"किती?"

"दोन."

"शाब्बास! पळ!"

आमची तेव्हाची डॉक्टरी एवढीच.

फिरोज पळाला. बॉल घेतला, दोघांना चकवलं अन् थेट आपल्याच गोलकीपरवर चालून गेला! गोलकीपर बिचारा ओरडून राहिला, "अबे, मी हाओ बे, मी!" फिरोजने ठासून गोल मारला. दोन्ही हात पसरून नाचत माझ्याकडे आला अन् म्हणाला, "सर, आपन कोनत्या साईडले हाओ?"

लोक पोट धरधरून हसायचे. मीही हसायचो.

मग एकदा मूर्तिजापूरला सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो. जेवताना हाच किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. शेजारी बसलेल्या एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. वांग्याच्या भाजीत बुडवलेला घास हातातच धरून म्हणाल्या, "मंग त्या पोराचं पुढं काय झालं?"

"पुढं म्हणजे?"

"म्हणजे नंतर त्याचं डोकं दुखायचं का? अभ्यास जमला का? आता कसा हाय?"

हा किस्सा मी शंभरदा तरी सांगितला असेल, अन् दर वेळी त्याच वाक्यावर थांबलो होतो.

त्या बाई म्हणजे डॉ. वानखडे. मेंदूच्या डॉक्टर. माहेर अकोल्याचं, दवाखाना अमरावतीला. घास तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "सर, तुमचा किस्सा अर्धा हाय. पुरा करा, मंग सांगत जा."

*

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो. फिरोजचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने मला पाहिलं, काउंटरवरून उडी मारून बाहेर आला, गळ्यात पडला. चहा मागवला. मी घाबरत घाबरत त्या मॅचचा विषय काढला.

"वो साल तो गया, सर," तो हसतच म्हणाला. "पुस्तक उघडलं का अक्षरं पोहून राहायची. उजेडात डोकं ठणकायचं. घरचे म्हणत, बहाने करते. त्या साली परीक्षाच नाही दिली. मंग हळूहळू झालं ठीक. अल्लाह का शुक्र है."

"अरे, मग मले सांगितलं काहून नाही?"

"सर, तुमी सगळ्यायले तो किस्सा सांगून हसून राहिले होते ना. मले वाटलं, हसण्यासारखंच असन."

मी कप खाली ठेवला. तोच मला म्हणाला, "पिया सर, गार होऊन राहिला."

सोमवारी सकाळी मी डॉ. वानखडेंच्या दवाखान्यात नंबर लावून पेशंटांच्या रांगेत बसलो. आत गेल्यावर त्यांनी न बघताच विचारलं, "काय होते?"

"मला काही होत नाही मॅडम. तोच तर त्रास आहे. पोरांचं डोकं फुटते अन् मी दोन बोटं दाखवतो."

त्यांनी वर पाहिलं, ओळखलं. म्हणाल्या, "शनिवारी ग्राउंडवर येते."

*

शनिवारी मॅडम आल्या तेव्हा मुलंमुली सगळी गवतावर बसली होती. मॅडम उभ्या राहूनच बोलल्या.

"हाडाला लागलं तर सूज येते, ती सगळ्यायले दिसते. मेंदूला धक्का बसला तर वरून काहीच दिसत नाही. माणूस चालते, बोलते, हसते. म्हणून नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर. त्या दिवशी परत आत नाही. मग तो कॅप्टन असो का प्राचार्यांचा जावई. पहिला धक्का बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकते."

पोरं सावरून बसली.

मग त्यांनी एकेकाला पुढे बोलावलं. चांगल्या अवस्थेत कोण कसं आहे याची नोंद हवी, म्हणजे उद्या मार लागला तर फरक कळेल. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळाने ते परत म्हणून घ्यायचे. एका पायावर उभं करायचं. वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावायचे.

पल्लवी राऊतने महिने एका दमात म्हणून टाकले. ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, नांदगाव खंडेश्वरची. आमची स्टॉपर, म्हणजे गोलसमोर उभं राहून आलेला प्रत्येक बॉल परत पाठवणारी. उंच बॉल आला की बाकीच्या बाजूला व्हायच्या. तो पल्लवीच्या कपाळाचा, हे ठरलेलं.

तिच्यामागून आली निकिता खंडारे. पल्लवीची हॉस्टेलची रूममेट अन् तिच्याच जागेवरची राखीव खेळाडू. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, जुलै..."

"परत म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर... जुलै!"

तीनदा म्हटलं, तीनदा ऑगस्ट गायब. पोरी तोंडावर ओढणी धरून हसून राहिल्या. मॅडमनी मात्र गंभीरपणे लिहिलं, 'निकिता. ऑगस्ट नाही.'

मी हळूच म्हटलं, "मॅडम, हे कशाला लिहिता?"

"लिहू नाही तर काय! उद्या हिला मार लागला अन् हिनं ऑगस्ट सांगितला, तर मले समजलं पाहिजे ना का काहीतरी बिघडलं!"

*

आता मूळ गोष्टीवर येतो.

अकोल्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. मुलींची सेमीफायनल. ऑक्टोबरचं ऊन, मैदानाची माती तव्यासारखी. आम्ही एक-शून्यने पुढे होतो. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला. पल्लवी उडाली, त्यांची फॉरवर्ड उडाली, अन् डोक्यावर डोकं आदळल्याचा आवाज आम्हाला बेंचवर ऐकू आला.

मी पोचायच्या आत पल्लवी उठून उभी! "मी ठीक हाओ, सर."

"आपण कोणत्या मैदानावर आहोत?"

"आपल्याच."

आम्ही अकोल्यात होतो.

"कितवा हाफ आहे?"

"पहिला."

"आपला गोल कोणी केला?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "कोनं केला, सर?"

गोल तिनेच केला होता. अर्ध्या तासापूर्वी. डोक्याने.

खरं सांगतो, माझ्या मनात आलं होतं. दहाच मिनिटं आहेत. एक-शून्य आहे. हिच्यासारखी स्टॉपर आख्ख्या स्पर्धेत नाही. पण त्याच गावात, दोन किलोमीटरवर, फिरोजचं दुकान होतं. मी हात वर करून बदली मागितली. पल्लवी रडली, माझा शर्ट ओढला, पण बाहेर आली. निकिता आत गेली. आम्ही जिंकलो.

बेंचवर पल्लवीने विचारलं, "सर, स्कोर किती झाला?"

"एक-शून्य. आपण पुढं."

"गोल कोनं केला?"

"तू."

"खरंच?" तिला इतका आनंद झाला!

दोन मिनिटांनी परत, "सर, स्कोर किती?" परत तेच उत्तर, परत तोच आनंद. असं सात वेळा झालं. सातही वेळा तिचा चेहरा तसाच उजळला. बाजूच्या पोरी हसून राहिल्या होत्या. मी मोजून राहिलो होतो.

आठव्यांदा तिने विचारलं नाही. तिला उलटी झाली.

अकोल्यातच एका दवाखान्यात नेलं. डॉ. वानखडे फोनवर होत्याच. स्कॅन झालं. आत रक्तस्राव नव्हता. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आणि डॉक्टरांचे आभार एकाच वाक्यात मानले.

*

तिसऱ्या दिवशी पल्लवीचे वडील, रामभाऊ राऊत, अमरावतीला आले. भाजीपाला पिकवणारा माणूस. मॅडमच्या टेबलावर त्यांनी एका बाजूला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ताजी जुडी ठेवली, दुसऱ्या बाजूला स्कॅनची फिल्म.

"मॅडम, फोटोत तं काईच नाही निघालं. मंग पोट्टी खेळाले मोकळी ना? पाच दिवसानं फायनल हाय म्हनते."

मॅडमनी समजावलं. फोटोत काही नाही याचा अर्थ आत रक्त साचलं नाही. पण मेंदूला जो धक्का बसला तो फोटोत येत नाही. आधी आराम. मग चालणं. ते सोसलं तर हळू पळणं. मग बॉल घेऊन पळणं. मग धक्काबुक्की नसलेली प्रॅक्टिस. मग तपासणी, पुरी प्रॅक्टिस, अन् शेवटी मॅच. एका पायरीवर निदान एक दिवस. डोकं दुखलं तर एक पायरी खाली.

रामभाऊंनी ती फिल्म खिडकीकडे धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हनजे आमच्या वांग्याच्या रोपासारखं. वाफ्यातून उपटून वावरात लावलं का ते चार दिवस मान टाकते. पान हिरवंच दिसते, पन मूळ धरलं नसते. तवा त्याले हात लावाचा नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "भाऊ, इतके वर्षं झाले मी हे लोकांना समजावून राहिली. इतकं सोपं मले कधी जमलं नाही. हे मी वापरू का?"

"वापरा ना, बाई. रोप काय माझ्या एकट्याचं हाय?"

जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, "पन मॅडम, मूळ कवा धरन?"

"ते मी सांगू शकत नाही, भाऊ. तिचं डोकंच सांगन. आपण फक्त विचारत राहायचं."

*

फायनल जवळ आली तशी प्राचार्यांची झोप उडाली. आमचं कॉलेज कित्येक वर्षांत मुलींच्या फायनलला पोचलं नव्हतं. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मी कोपऱ्यात उभा.

"मॅडम, स्कॅन नॉर्मल आहे. मुलगी स्वतः म्हणते मी ठीक आहे. एक फिटनेस सर्टिफिकेट तेवढं देऊन टाका ना!"

मला वाटलं, आता मॅडम भडकतात. त्या म्हणाल्या, "द्या कागद."

प्राचार्य खूश! कॉलेजचं लेटरहेड आलं. मॅडमनी सावकाश चार ओळी लिहिल्या अन् कागद प्राचार्यांसमोर सरकवला. "यावर आधी तुमची सही."

प्राचार्यांनी वाचलं. मॅडमनी लिहिलं होतं: 'तपासणीनुसार ही विद्यार्थिनी खेळण्यास योग्य नाही. तरी प्राचार्यांच्या आग्रहावरून ती खेळत असून, तिच्या जिवाची जबाबदारी खाली सही करणाऱ्याची आहे.'

प्राचार्यांनी पेन उघडला. परत वाचलं. पेनला टोपण लावलं. मग बेल वाजवून शिपायाला म्हणाले, "मॅडमसाठी चहा आण. अन् बिस्किटं बी."

पण माणूस दिलाचा! त्या दिवसानंतर पल्लवी कधी खेळणार असं जो कोणी विचारी, त्याला प्राचार्यच सांगायचे, "आधी सही करा, मग बोला!"

*

पल्लवी मात्र ऐकायला तयार नव्हती. फायनलच्या दोन दिवस आधी मॅडमनी तिला परत तपासायला बोलावलं. खुर्चीवर ताठ बसली, मुद्दाम हसत होती.

मॅडम म्हणाल्या, "मी आता पाच शब्द सांगते, ते लक्षात..."

"आंबा, कुलूप, नदी, बैल, खिडकी!"

मॅडमनी वही बाजूला ठेवली.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "मी अजून सांगितलेच कुठी?"

मागच्या वेळचे शब्द तिने पाठ करून ठेवले होते! मॅडमनी नवे पाच शब्द दिले. त्यातले तिला दोनच आठवले. पल्लवीचा चेहरा उतरला, तरी हट्ट तोच. "डोकं नाही दुखत मॅडम, खरंच नाही दुखत."

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिता जिमखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना, जाईना.

"काय गं?"

"सर, पल्लवी खोटं बोलून राहिली. दिवसभर पडदे लावून बसते. मोबाईल पाह्यला का डोकं धरते. मेसमंधी भांडे वाजले तं उठून जाते."

पल्लवी बाहेर म्हणजे निकिता आत. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. ती म्हणाली, "सर, लोक काय म्हनतीन ते मले मालूम हाय. म्हनून मी बी फायनल खेळत नाही. मंग तं खरं वाटन ना?"

सत्तावीस वर्षांत मी पोरांना खिलाडूवृत्तीवर किती भाषणं दिली असतील. त्यातलं एक वाक्य त्या वेळी मला आठवेना. मी मॅडमना फोन लावला.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "तिले सांगा, मैत्रिणीची काळजी केली म्हणून टीममधून बाहेर बसवायचा नियम माझ्याजवळ नाही. अन् तिले खेळवा. पल्लवीच्या जागी कोणी तरी उभं राहिलं पाहिजे का नाही?"

पल्लवी त्या दिवशी निकिताशी एक शब्द बोलली नाही. फायनलच्या सकाळी बसमध्ये चढताना तिने नडगीला बांधायचे आपले शिनगार्ड निकिताच्या मांडीवर टाकले. "माझे घाल. तुझ्यावाल्याचे पट्टे तुटले हायेत." अन् खिडकीकडे तोंड करून बसली.

*

फायनल आम्ही हरलो. दोन-एक. निकिता जिवाच्या आकांताने खेळली, पण समोरचा संघ भारी होता. पल्लवी मंडपाच्या सावलीत टोपी घालून, माझा काळा चष्मा लावून बसली होती.

परतीची बस गप्प होती. मी समोर बसून चार धीराचे शब्द जुळवून राहिलो होतो. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा मागून पल्लवीचा आवाज आला.

"सर! मले पुरी मॅच आठवून राहिली!"

सगळ्यांनी माना वळवल्या.

"दोन्ही हाफ! आपला गोल, त्यायचे दोन, निकितानं लाईनवरून काढलेला बॉल. सगळं!"

निकिताने विचारलं, "हरल्याचं बी?"

"हरल्याचं बी!"

निकिता आपल्या सीटवरून उठली अन् तिच्या बाजूला जाऊन बसली. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला बसमध्ये! बाकं बडवली, गाणी म्हटली. ड्रायव्हरने आरशातून पाहून मला विचारलं, "जिंकले काय, सर?"

मी म्हटलं, "हो!"

*

यातला माझाही एक किस्सा आहे. तो सांगायला बरं वाटत नाही, पण फिरोजचा सांगतो म्हटल्यावर हा लपवणं बरं नाही.

पल्लवी पायरी पायरीने चढत होती. एकदा पळण्यावर आली, संध्याकाळी डोकं दुखलं, परत चालण्यावर गेली. तीन आठवडे असं चाललं. अखेर ती बॉल घेऊन पळायला लागली. हेडिंगला अजून परवानगी नव्हती. इकडे विद्यापीठाच्या टीमची ट्रायल जवळ आली. स्टॉपरच्या एकाच जागेसाठी आमच्याकडून दोन नावं गेली होती. पल्लवीचं अन् निकिताचं.

एका सकाळी मैदानावर मी अन् ती दोघंच होतो. ती इतकी मस्त पळून राहिली होती की मला राहवेना. एकच बॉल, अगदी हळू. काय होते एकाने? मी दोन्ही हातांनी बॉल उंच फेकला. "पल्लवी, हेड!"

बॉल बरोबर तिच्या कपाळावर येत होता. तिने दोन्ही हात वर केले अन् झेलला.

"सर, हेडिंग पुढच्या आठवड्यात हाय."

माझे कान गरम झाले. म्हटलं, "हो हो. विसरलो. कोणाले सांगू नको."

"मॅडमले बी नाही?"

संध्याकाळी मीच मॅडमना फोन करून सांगितलं. म्हटलं, आता चांगलं ऐकून घ्यावं लागते. मॅडम म्हणाल्या, "चला. म्हणजे ती बरी होऊन राहिली. तुमाले अजून थोडे दिवस लागतीन."

*

आता शेवटचा. हा सांगताना मात्र कोणी मध्ये बोलू नका.

ट्रायल रविवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी मॅडम ग्राउंडवर आल्या. पल्लवीने त्या आठवड्यात पुरी प्रॅक्टिस केली होती. हेडिंग केलं, धक्के खाल्ले. डोकं दुखलं नाही, झोप नीट, वर्गात लक्ष नीट. रामभाऊ नांदगावहून पहिल्या बसने आले होते. प्राचार्य चक्क पांढरे बूट घालून आले होते. निकिता पलीकडे एकटीच भिंतीवर बॉल मारत होती.

मॅडमनी तासभर तपासलं. नवे शब्द, महिने, एका पायावर उभं राहणं, मैदानाला पळत चार फेऱ्या, नंतर परत तेच प्रश्न. सगळं बरोबर. जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं. मग वही मिटली.

"माझ्याकडून हो आहे," मॅडम म्हणाल्या.

रामभाऊंनी हात जोडले. मीही जोडले. प्राचार्यांनी तर टाळ्याच वाजवल्या. "म्हणजे रविवारी ट्रायल! वा!"

"थांबा, सर," मॅडम म्हणाल्या. "पल्लवी, तुले कधी खेळायचं हाय?"

महिनाभराहून जास्त आम्ही सगळे हाच प्रश्न एकमेकांना विचारून राहिलो होतो. मी मॅडमना, प्राचार्य मला, रामभाऊ मॅडमना. तिला कोणी विचारला नव्हता.

पल्लवीने वडलांकडे पाहिलं. मग पलीकडे निकिताकडे पाहिलं. भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग म्हणाली, "सोमवारी."

"अगं, ट्रायल रविवारी आहे!" प्राचार्य ओरडलेच.

"मालूम हाय, सर."

मॅडमनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. पर्समधून कागद काढला, गुडघ्यावर धरून एक शब्द लिहिला, 'सोमवार'. खाली सही केली, शिक्का मारला अन् प्राचार्यांच्या हातात दिला.

प्राचार्यांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. "मॅडम, यात फिट का अनफिट काहीच नाही. हा मी फाईलला कसा लावू?"

"दोन भोकं पाडा अन् लावा."